मेहुणेबुवांची बाहेरची डिस्क

लग्न डॉक्टरांनी एकट्याने केलं, पण मेहुणा मात्र सगळ्या नेत्रपेढीच्या वाट्याला आला. तोंडावर त्याला सर म्हणायचे, पाठीमागे मेहुणेबुवा. गळ्यात 'तंत्रप्रमुख' लिहिलेलं ओळखपत्र, तेही स्वतःच छापून घेतलेलं. कुणी काही विचारलं की आधी हसायचा, मग एखादा इंग्रजी शब्द फेकायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि इथे तर पाणी घोट्यापर्यंतही नव्हतं.

नोंदणीच्या बाई अकरा वर्षं त्याच खिडकीत बसलेल्या. बुबुळासाठी थांबलेल्यांची यादी त्यांच्याकडे. बुबुळ आलं की कुणाला बोलवायचं, ते त्या यादीतल्या क्रमावर ठरायचं. मेहुणेबुवांनी ती यादी नव्या डेटाबेसमध्ये हलवली आणि जुना कॉम्प्युटर दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला.

नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जागा कमी, म्हणून प्रोग्राम आत आणि यादी बाहेरच्या डिस्कवर, अशी मांडणी त्याने केली. इथवर ठीक. पण त्यात त्याने स्वतःची अक्कल घातली. कॉम्प्युटरमधल्या ज्या फोल्डरवर डिस्क जोडली जाते, तो रिकामा दिसला, तर प्रोग्रामने न कुरकुरता तिथेच नवी यादी सुरू करायची. अडलंच नाही तर फोन कोण करणार? ही युक्ती त्याने चहा पिता पिता सगळ्यांना ऐकवली होती.

सोमवारी सकाळी वीज जाऊन आली. डिस्क जागी व्हायच्या आत प्रोग्राम फोल्डरच्या दारात पोचला, आत कुणी दिसेना, आणि त्याने नवा संसार थाटला. बाईंनी यादी उघडली तर शून्य. चारशे बारा माणसं गायब.

मेहुणेबुवा अकरा वाजता उगवले, कपाळावर गॉगल. दोन मिनिटं पडद्याकडे बघून निकाल दिला की डिस्क मेली, आणि बाईंच्याच पायाने वायर ओढली गेली असणार. डिस्क काढून पिशवीत टाकली. उद्या पुसून साफ करू, लोक येऊन पुन्हा नाव नोंदवतील. निम्म्यांना दिसत नाही, ते येणार कसे, असं बाईंनी विचारलं.

"बाई, हे टेक्निकल आहे," तो म्हणाला.

बाईंनी दिवसभर त्या रिकाम्या यादीतच काम केलं. दोन नवे पेशंट आले, त्यांची नावं घातली. मंगळवारी आणखी तीन. तिसरं नाव टाइप करून झालं आणि त्यांचा हात थांबला. वरची दोन नावं, कालची, जागच्या जागी होती. रांग तशीच सोडून त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरल्या. मेहुणेबुवा डॉक्टरांसमोर लॅपटॉपला डिस्क लावून बसलेले, 'सगळं पुसायचं का?' या प्रश्नावर बोट.

"सर, डिस्क कालपासून तुमच्याकडे आहे ना?"

"मग?"

"मग मी घातलेली पाच नावं बसली कुठे?"

सवयीने तो आधी हसला. मग हसू तसंच अडकलं. कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतील, म्हणाला. बाई म्हणाल्या, काल संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करून घरी गेले होते मी. नावं आतल्या रिकाम्या फोल्डरात जाताहेत. डिस्कवरच्या जुन्या यादीला कुणी हातच लावलेला नाही.

जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघणाऱ्या डॉक्टरांनी मेहुण्याच्या डोळ्यांत आज पहिल्यांदा नीट पाहिलं. तिथे फारसं काही नव्हतं. "बोट काढ," ते म्हणाले.

डिस्क परत लावायच्या आधी बाईंनी ती पाच नावं कागदावर उतरवून घेतली. डिस्क त्या फोल्डरवर बसली की आत साठलेली ही नवी नावं झाकली जाणार, हे तंत्रप्रमुखांना सुचलं नव्हतं. मग त्याच्याकडून प्रोग्राम थांबवून, डिस्क जोडून, प्रोग्राम पुन्हा चालू करून घेतला. चारशे बारा नावं, क्रमाने, एकही इकडची तिकडे नाही. नवी यादी सुरू करायची ती प्रोग्राममधली ओळ त्याला पुसायला लावली, आणि पुसेपर्यंत बाई त्याच्या खुर्चीमागून हलल्या नाहीत.

"बघा, आणलं की नाही परत?" तो डॉक्टरांना म्हणाला. लाज विकून खाल्लेल्या माणसाला भूकही लवकर लागते. तो जेवायला निघाला, आणि जाता जाता रांगेसमोर थांबून सिस्टिम आता ओके असल्याचं जाहीर केलं.

बाई खिडकीत परतल्या. पुढे उभ्या असलेल्या आजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"कोण गं हा?"

"कुणी नाही आजी. यादीत तुमचा नंबर एकोणीस आहे. बसा."