भाऊजींचं एक वाक्य

आपल्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात भाऊजींइतका मोठा नट झाला नाही, आणि इतका कमी ऐकला गेलेलाही झाला नाही. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे खामगावचे मावसभाऊ. तुमच्या डब्लिनच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आयरिश नटाला सिनेमावाले जन्मभर इंग्रजांसारखं बोलायला लावत आले, असं तुम्ही कळवलंत, तेव्हा मला भाऊजीच आठवले.

रंगभूमीवर भाऊजींचा आवाज असा, की अमडापूरच्या नाटकात माईक बंद पडला, हे मागच्या रांगेला दुसऱ्या दिवशी कळलं. एरवीही ते कुठे नुसते येत-जात नसत, प्रवेश करीत. चहाला आले तरी उंबरठ्यावर थांबत आणि सगळ्यांच्या माना वळल्या की मगच आत पाऊल टाकत. शेगाव स्टेशनवर एकदा आमचा निरोप घेताना ते इतके रंगले, की गाडी फक्त त्यांची पिशवी घेऊन निघून गेली. आम्ही हळहळलो, तर म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. त्या गाडीले टायमिंगच नाही."

सिनेमात त्यांना सात भूमिका मिळाल्या. सातही गड्याच्या, त्यांतल्या सहा मुक्या. सातवीत मात्र एक वाक्य होतं: "कवाड उघडं राहू द्या, मालक. लेकरं येऊन राह्यले." महिनाभर त्यांनी ते बाजारात, कापसाच्या जिनिंगमध्ये, आमच्या पंगतीत म्हणून पाहिलं. पण पुण्याच्या दिग्दर्शकांना त्यांची वऱ्हाडी अस्सल वाटेना. म्हणून पुण्यातल्याच एका गृहस्थांचा आवाज त्यांच्या तोंडी बसवला. त्या गृहस्थांनी वऱ्हाड आगगाडीच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. खामगावच्या टॉकीजमध्ये आम्ही सगळे एका रांगेत बसलो होतो. पडद्यावर भाऊजींचे ओठ हलले आणि कुणीतरी नाक दाबून बोलल्यासारखं ऐकू आलं. भाऊजी जागेवर उभे राहिले आणि आपलं वाक्य आपण म्हणाले. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून ऑपरेटरच त्या जागी आवाज बंद करू लागला.

पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला की भाऊजी आमच्याकडे येत, रिमोट ताब्यात घेत आणि त्या जागी आवाज बंद करून वाक्य आपण म्हणत. मी दर वेळी सांगत असे, की चारचौघांत जरा शुद्ध बोलावं. या घरात वऱ्हाडीत बोललेलं वाक्य शुद्ध करून पुन्हा म्हणावं लागे, 'हाव'चं 'हो'सुद्धा; हवं तर तुमच्या बाबांना विचारा. भाऊजी म्हणत, "वहिनी, त्या पुन्याच्या मानसालेबी तुमीच शिकवलं काय?"

यंदा पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. गेल्या महिन्यात दुपारी सिनेमा लागला, तसे ते काठी टेकत आले. उंबरठ्यावर थांबले. मी मान वळवली, तेव्हा आत आले. ती जागा आली आणि त्यांनी रिमोटने आवाज बंद केला. पडद्यावरच्या तरुण भाऊजींचे ओठ हलले. खुर्चीतले भाऊजी माझ्याकडे पाहत राहिले.

मी चष्मा सारखा केला आणि म्हटलं, "कवाड उघडं राहू द्या, मालक. लेकरं येऊन राह्यले."

त्यांनी कानामागे हात धरला. मागच्या रांगेला ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तेव्हा शेजारची सून हात पुसत दारात आली. "काकू, लेकरं येऊन राह्यले काय?"

तुमची इकडची तिकिटं अजून काढलेली नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी तिला हाव म्हटलं.