गुलाबरावजींनी पाहिलेला सामना

कापसाची गाडी कारखान्याच्या फाटकातून आत आली की गुलाबरावजी सदऱ्याची बाही वर सारत आणि गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसत. वरचा कापूस त्यांनी कधी पाहिलाच नाही. तळातली मूठ काढून ती गालाला लावत, ओली आहे का पाहत आणि मग गाडीवाल्याच्या तोंडाकडे टक लावत. "कापूस काही सांगत नाही," म्हणत, "मानसाचं तोंड सांगते."

रिठदला त्यांची शेती होती आणि कारंज्याला जिनिंगचा कारखाना. मी तिथं कारकून होतो. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता असं मी म्हणणार नाही. मी अकोल्याहून कामं उरकून आलो की ते आधी मोटारीच्या ड्रायव्हरला भेटत आणि मग मला.

जर्मनीतल्या एका एजंटानं सरकीचं तेल काढायच्या मशीनचं चित्र पाठवलं, तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "चित्रातलं मशीन चित्रातच चालते. आपण जाऊन पाहू." मला इंग्रजी येत होतं म्हणून मलाही नेलं. बोटीवर सगळा प्रवास ते कोट घालूनच झोपले, कारण पैसे आतल्या खिशात होते.

मशीन पसंत पडलं. सौद्याचं बोलणं दुसऱ्या दिवसावर ठेवून एजंटानं आम्हाला आग्रहानं एका बारमध्ये नेलं. रविवार होता, बाहेर पाऊस लागला होता.

"वसंतराव," गुलाबरावजी माझ्या कानाशी म्हणाले, "हा आपल्याले पाजून सही घ्यायले पाहून राह्यला. गिलासाले हात लावू नका."

आत पाय ठेवायला जागा नव्हती. उंच फळीवर एक पेटी होती आणि तिच्या काचेत बोटाएवढी माणसं चेंडूमागं पळत होती. एजंट म्हणाला, फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेतला शेवटचा सामना आहे, जर्मनी आणि हंगेरीचा. शेजारच्या देशात आत्ता चालू आहे. मी ते गुलाबरावजींना सांगितलं.

"आत्ता?"

"हो, आत्ताच."

"मंग आपल्याले इथं कसं दिसून राह्यलं?"

मी नुसतं पेटीकडे बोट दाखवलं. "सिनेमा असन," असं म्हणून ते गर्दीत घुसले आणि पेटीच्या मागं डोकावले. बारच्या मालकानं त्यांना दंडाला धरून परत आणून बसवलं. त्यानंतर त्यांनी पेटीकडे पाठ केली आणि बारमधल्या माणसांकडे पाहत बसले.

सुरुवातीलाच जर्मनांवर दोन गोल झाले आणि बार गप्प झाला. मग बरोबरी झाली. शेवटी शेवटी जर्मनांनी तिसरा गोल केला, तेव्हा बाकं उलटली, पेले सांडले. एका धिप्पाड म्हाताऱ्यानं रडत रडत गुलाबरावजींना कवेत घेऊन वर उचललं. ते अधांतरी होते आणि त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशावर घट्ट होते.

खाली टेकल्यावर त्यांनी आधी खिसा चाचपला आणि मग म्हणाले, "खरं हाय, वसंतराव. आत्ताच होऊन राह्यलं."

"कशावरून?"

"सिनेमा असता तर यातल्या एखाद्यानं तरी तो आधी पाह्यला असता. मी सारे तोंडं पाह्यले. गोल व्हायच्या आधी एकाचंही बदललं नाही."

कारंज्याला परतल्यावर त्यांनी ही हकिगत कारखान्यात सगळ्यांना सांगितली. आजवर त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून व्यवहार करत, कारण हा माणूस तपासल्याशिवाय बोलत नाही हे ठाऊक होतं. पण हे ऐकून कोणीतरी विचारलं, "ही पेटी पाह्यली कुठं?"

"दारूच्या दुकानात," ते सरळ म्हणाले.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्यांच्या पाठीमागं कुजबुज सुरू झाली आणि ती आमच्याच भागातल्या मालेगावपर्यंत गेली. तिथल्या एका शेतकरी घराण्यात गुलाबरावजींच्या एकुलत्या एका मुलीचं, शांताचं, लग्न ठरत आलं होतं. मुलाचे वडील येणार असं कळलं तेव्हा मी म्हणालो, "काकाजी, सिनेमाच्या थेटरात गेलो होतो म्हणा. कोणाचं काय जातं?"

"सिनेमा नोता तो," ते म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता विषय काढला. "तुमी दारूच्या दुकानात बसले होते म्हणते."

"बसलो होतो."

"पेले?"

"नाही."

"अन् दुसऱ्या मुलखातला खेळ पाह्यला."

"पाह्यला."

"न पेता?"

मी मधे पडून म्हणालो की मी तिथं होतो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी त्याईचेच मानूस ना." चहा न घेताच ते उठले. लग्न मोडल्याचं वेगळं सांगावं लागलं नाही.

शांता कपबशा उचलायला आली. गुलाबरावजी तिच्या तोंडाकडे पाहत होते, गाडीवाल्यांकडे पाहत तसेच.

"शांते, तुलेही वाटते काय, मी पेलो?"

"नाही, बाबा. तुमी म्हणता तेच खरं असन." तिनं कप बशीत नीट ठेवला. "पण मी कुसुमकडे अभ्यासाले जातो म्हटलं, तवा तुमी माह्या मागं मानूस धाडला होता. मले ठाऊक हाय. मी कुसुमकडेच गेली होती."

तिचा आवाज चढला नव्हता. गुलाबरावजींची नजर खाली गेली. मी त्या घरात इतकी वर्षं येत होतो, पण ते आधी नजर काढून घेताना त्याच दिवशी पाहिले. मग ते म्हणाले, "कुसुमकडेच गेली असशीन."

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्याकडे टेलिव्हिजन आला तो त्यांच्यानंतर. तो पाहून जुनी माणसं मला म्हणाली, "मालक खरं बोलत होते." मला मात्र ते आठवतात ते शांताचं लग्न ठरलं त्या दिवसाचे.

स्थळ कारंज्यातलंच होतं. मुलगा शाळेत शिक्षक होता. आता मुलाच्या गल्लीत, त्याच्या शाळेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मलाच पाठवणार हे मी धरून चाललो होतो. "चौकशीला कधी निघू?" मी विचारलं.

"शांता बोल्ली त्याच्यासंग," ते म्हणाले. "चांगला हाय म्हणते."

"मग?"

त्यांची बोटं मांडीवर चुळबुळत होती.

"मंग काय," ते म्हणाले. "मांडववाल्याले सांगून या."