अधिवेशनापुरता दिवा

"लेखी द्या," असं म्हणून बाई आपलं पेन समोरच्या माणसाकडे सरकवायच्या. समोर कोण आहे, याने फरक पडत नसे. भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, कल पक्का चालू हो जाएगी." बाईंनी पेन पुढे केलं. "लिख के दो." सेक्रेटरी हसला. बाई हसल्या नाहीत. शेवटी त्याने वीजबिलाच्या पाठीवर एक ओळ खरडली, आणि लिफ्ट खरोखरच दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

बाई विधान परिषदेच्या आमदार होत्या, विरोधी पक्षाच्या. त्याआधी शाळेत शिकवत. माहेर रायगडचं, नोकरी मुंबईत, निवृत्तीच्या सुमारास भाईंदरला राहायला आल्या. पक्षातले दोन वजनदार इच्छुक एकमेकांना नको होते, म्हणून तिसरं नाव शोधलं गेलं. ते बाईंचं निघालं. भाषण करताना त्या बिचकत. विधान भवनाच्या पायऱ्यांवर घोषणा द्यायची वेळ आली की त्यांचा आवाज इतरांपेक्षा एक शब्द मागे असे. लेखी प्रश्न मात्र त्यांच्यासारखे नेटाने पाठवणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. मी विधिमंडळाचं वार्तांकन करत होतो, राहायला भाईंदरलाच होतो, त्यामुळे त्यांच्या घरी जाणं-येणं होतं.

या प्रश्नांचा साचा तुमच्याही नजरेखालून गेला असेल. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? सरकारकडे बहुमत असतं, अधिकारी असतात, निधी असतो. विरोधकाच्या हातात हे तीन प्रश्न असतात. त्यांचं उत्तर मंत्र्याच्या नावाने छापलं जातं आणि कायमचं राहतं. बाई या साच्यात इतक्या मुरल्या होत्या की बाजारातही तसंच बोलत.

"बोंबील महाग झाले, हे खरं आहे काय?"

"खरा हाय," टोपलीमागची मावशी म्हणायची. "आमदार हाय आन भाव करते! घ्यायचं तर घ्या, न्हाय तर बाजूला व्हा. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

मावशी चौकची. उत्तनजवळच्या त्या समुद्रकाठच्या गावातून मासळी घेऊन ती इंद्रलोकच्या बाजारात येऊन बसायची. तिचा एकुलता मुलगा होडीवर जात असे. एकदा ती बाईंना उलट काही बोललीच नाही, तेव्हा बाईंनी विचारलं, "आज काय झालं गं?"

मावशीने सांगितलं. गावासमोर समुद्रात एक खडक आहे, भरतीला तो पाण्याखाली जातो. होड्यांना तो कळावा म्हणून त्यावर खांब रोवून दिवा लावलेला आहे. तो बंद पडला होता. "दिवा न्हाय, बाई. पोर दर्यावर आसला की माझा डोला लागत न्हाय. तुमी काय तरी करा."

बाईंनी प्रश्न पाठवला. अधिवेशनात उत्तर आलं: हे खरे नाही, दिवा सुरू आहे. पुढच्या दोन्ही भागांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही' असं छापलेलं होतं.

बाई संतापल्या. त्याच दिवशी रिक्षाने चौकला गेल्या, सोबत मी होतो. दिवेलागणीला आम्ही किनाऱ्यावर उभे राहिलो आणि खडकावरचा दिवा लुकलुकू लागला. मावशीचा मुलगा जाळं दुरुस्त करत बसला होता. तो म्हणाला, "चार दिस झालं. मानसं आली, नवी बॅटरी लावून गेली."

अधिवेशन संपल्यावर तीच माणसं आली आणि बॅटरी काढून घेऊन गेली. ती दुसरीकडे लागणार आहे, असं म्हणाली.

पुढच्या अधिवेशनात बाईंनी पुन्हा प्रश्न पाठवला. पुन्हा दिवा लागला, पुन्हा 'हे खरे नाही' आलं, पुन्हा बॅटरी गेली. तेव्हा आमच्या लक्षात आलं की हे असंच चालणार. प्रश्न गेला की मंत्रालयातून खाली फोन जातो. खालचा माणूस उत्तराच्या तारखेपर्यंत सगळं ठीकठाक करतो. उत्तर लिहिलं जातं तेव्हा ते खरंच असतं. दिवा कायमचा दुरुस्त करा, ही मागणी मात्र दिवा बंद असेल तरच उद्भवते, आणि कागदावर तो कधी बंद नव्हताच. मी बातमी दिली. खात्याचा खुलासा आला, त्यात मंत्र्यांच्या सभागृहातल्या उत्तराचा हवाला होता.

मग बाईंनी ठरवलं, दर अधिवेशनाला हाच प्रश्न पाठवायचा. त्याने निदान तेवढे दिवस तरी दिवा पेटायचा. चौकच्या लोकांना अधिवेशन कधी भरतं, हे वर्तमानपत्राशिवाय कळू लागलं. "दिवा लागला," मावशी बाजारात म्हणायची, "म्हंजी बसली आसंल तुमची सभा." पावसाळी अधिवेशनात मासेमारी बंद असायची, सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या, तरी तो दिवा रिकाम्या समुद्राकडे बघत इमानदारीने पेटायचा. पुढे नारळी पौर्णिमा व्हायची, होड्या पाण्यात उतरायच्या, आणि खडकावर अंधार असायचा. बाई हे सांगून हसायच्या. ते हसू फार वेळ टिकत नसे.

सभागृहात त्यांची थट्टा होऊ लागली. बाईंचा दिवा आला का, असं सत्ताधारी बाकांवरून कोणीतरी विचारायचं. एकदा विधान भवनाच्या उपाहारगृहात मी म्हणालो, "बाई, दर वेळी तुमच्या नावापुढे 'हे खरे नाही' छापलं जातं. वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही उगाच काहीही विचारता."

"वाटू दे."

"अहो, पण तुमचं हसं होतंय."

"काल चौकला गेला होतास ना? दिवा पेटलाय?"

"पेटलाय."

"मग चहा पी," बाई म्हणाल्या.

त्यांची मुदत संपली. निरोपाच्या भाषणात एक मंत्री म्हणाले की, बाईंनी प्रश्न विचारला की आम्ही निश्चिंत व्हायचो, तसं काही घडलेलं नाही याची खात्रीच पटायची. सगळं सभागृह हसलं, बाईही हसल्या. पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. कारण कोणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

त्यांना काळजी होती ती हिवाळी अधिवेशनाची. त्यांनी प्रश्न लिहून पक्षाच्या एका नव्या आमदाराकडे नेला. मी तिथेच होतो. तो तरुण होता, बाईंना पाहून खुर्चीतून उठला, बसायला दिलं. मग त्याने समोरच्या टॅबलेटवर जुनी उत्तरं काढली.

"बाई, राग मानू नका. पण हे सगळं 'खरे नाही' आहे. मंत्री उठून हेच वाचून दाखवणार. माझं पहिलंच अधिवेशन आहे, मी सुरुवातीलाच तोंडघशी पडू का?"

बाईंनी बॅटरीची हकीकत सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"फोटो आहे?"

मावशीच्या मुलाने काढलेला फोटो बाईंच्या मोबाइलमध्ये होता. रात्रीचा समुद्र आणि न पेटलेला दिवा. पडदा नुसता काळा दिसत होता. आमदाराने तो मोठा करून पाहिला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला.

"हा कुठलाही अंधार असू शकतो, बाई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "बघतो मी. नक्की बघतो."

बाईंनी त्याला लेखी द्यायला सांगितलं नाही.

हिवाळी अधिवेशन भरलं आणि संपलं. दिव्याचा प्रश्न कोणी विचारला नाही, दिवा लागला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी धुक्याच्या एका पहाटे चौकची होडी परतताना खडकावर आपटली. तिघांना दुसऱ्या होडीने वाचवलं. मावशीचा मुलगा सापडला तो दुपारी.

पुढच्या अधिवेशनात विरोधी पक्षाच्या अनेक सदस्यांनी मिळून बंद दिव्याचा आणि अपघाताचा प्रश्न विचारला. त्यांत पहिलं नाव त्या नव्या आमदाराचं होतं. उत्तरात पहिल्या भागासमोर लिहिलं होतं, 'होय, हे खरे आहे.' पुढे, खडकावर नवीन दिवा कायमस्वरूपी बसवण्यात आला आहे. आणि विलंबाच्या कारणांसमोर, प्रश्न उद्भवत नाही.

मी छापील उत्तर घेऊन इंद्रलोकला गेलो. बाईंनी उत्तरपत्रिका तपासावी तसं ते वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"मला वाटायचं, पेटतोय तेवढे दिवस तरी पेटू दे," त्या म्हणाल्या. "बंद होता तेव्हा चार माणसं घेऊन त्या खात्याच्या दारात बसायला हवं होतं. मी प्रश्न पाठवत राहिले."

"तुमच्यामुळे निदान—"

"निदान काय?"

मी छापील उत्तराची घडी घातली.

त्यानंतर बाई मासळी बाजारात गेल्या नाहीत. भाजीला जायच्या त्यासुद्धा लांबच्या रस्त्याने वळसा घालून. मावशी काही महिन्यांनी पुन्हा येऊन बसू लागली होती. एकदा तिने मला थांबवलं.

"बाई दिसत न्हाय."

"बरं नसतं त्यांना."

"मला ठाव हाय कशापायी येत न्हाय ते. त्यांना सांग, मावशी काय बोलणार न्हाय."

मी निरोप पोचवला. बाई खिडकीतून खाली बघत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "ती बोलली असती तर गेले असते रे. काहीच बोलणार नसेल, तर मी तिच्यासमोर उभी कशी राहू?"

त्या वर्षी मुलगी येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. घर भाड्याने दिलं. पुढे नाशिकलाच त्या वारल्या. आमच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी आली. सभागृहात शोकप्रस्ताव झाला. त्यांनी जनतेचे अनेक प्रश्न मांडले, असं त्यात म्हटलं होतं.

मावशीला मी बाजारात जाऊन सांगितलं. तिचा हात कोयत्यावरच थांबला.

"कुटं?"

"नाशिकला, मुलीकडे."

"तिकडं दर्या न्हाय," मावशी म्हणाली, आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकाचा मासा साफ करायला घेतला.