वास न येणारी दारू

लाँड्रीवाल्या ताईच्या नाकाचा सगळ्या गल्लीला धाक होता. कपडा धुवायला टाकण्याआधी ती हुंगायची आणि डाग तेलाचा की औषधाचा, ते सांगून मोकळी व्हायची. गिऱ्हाईक लपवणार काय, कपाळ!

तिचा धाकटा भाऊ बस चालवायचा. त्याचा चेहरा अधूनमधून लालबुंद व्हायला लागला, जेवला की पोट बिघडायचं. ताईला दारूचाच संशय आला, कारण वडिलांना दारूनेच नेलं होतं. ती रोज त्याचा शर्ट हुंगू लागली. घाम, डिझेल, साबण. दारू कधीच नाही. दुसरं कुणी म्हणालं असतं, पीत नाही. ही म्हणाली, वास न येणारी पितो! भीतीपुढे तिने स्वतःचं नाकही खोटं पाडलं.

"तायडे, मी थेंबही घेत नाही गं," तो परोपरीने सांगायचा. मग हिचं रडणं, अबोला, उपास. शेवटी बिचारा वैतागून म्हणाला, "बरं, घेत होतो. सोडली. आता जेव." तेच तिने डॉक्टरांना सांगितलं, आणि दोन वर्षं दारुड्याचेच उपचार चालले.

चेहरा लाल होतच राहिला. मग नव्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, स्कॅन केला. लहान आतड्यात एक दुर्मीळ गाठ निघाली. तीच रक्तात रसायन सोडत होती, त्यानेच चेहरा पेटायचा, जुलाब व्हायचे. गाठ काढली, पण तोवर ती यकृतात पसरली होती.

"आधी आलो असतो तर?" ताईने विचारलं.

"कदाचित पसरायच्या आधी सापडली असती," बाई म्हणाल्या. "पण ही सावकाश वाढते. दर महिन्याच्या इंजेक्शनवर बरीच वर्षं निघतात."

ताईचं मन तिला खाऊ लागलं. माफी मागायला जीभ रेटेना. त्याचे शर्ट मात्र ती दोनदोनदा इस्त्री करायची.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी नर्सने विचारलं, "दारू घेता?"

भावाने ताईकडे पाहिलं. "सोडली," तो सवयीने म्हणाला.

ताई ताडकन उठली. "खोडा ते! त्याने कधी घेतलीच नव्हती. मीच त्याला खोटं बोलायला लावलं."

भावाने भिंतीकडे वळून डोळे पुसले. नर्सला वाटलं, सुईला घाबरला. सुई तर तिने अजून काढलीही नव्हती.