आधी काम करून दाखव

तेलमावशींकडे दुखणं घेऊन गेलं की त्या आधी अंगाला हातच लावत नसत. खोलीतल्या उंच टेबलाकडे बोट दाखवून म्हणत, "दिवसभर काय करतेस ते करून दाखव." मग शाळेतल्या बाई भिंतीवर बोटाने गणितं सोडवत. भाजीवाली नसलेली टोपली डोक्यावर चढवी. शिवणकाम करणाऱ्या एका पोरीने तर पायाने हवेतली मशीन चालवत अख्खं झबलं शिवलं होतं. मावशी हनुवटीवर हात ठेवून बघत राहायच्या आणि मग म्हणायच्या, "सगळा भार कमरेवर. गुडघे काय शोभेला दिलेत?"

मावशींनी सव्वीस वर्षं इस्पितळात आया म्हणून काढली होती. चादर बदलताना बायका त्यांना सगळं सांगत. डॉक्टर आले की तेच तोंड "बरं आहे" म्हणून मिटे. निवृत्त झाल्यावर सासूकडून शिकलेली मालिश त्यांनी सुरू केली, ती फक्त बायकांसाठी. कुणाच्या गोळ्या त्यांनी कधी बंद केल्या नाहीत. त्यांचे जावई एकदा चेष्टेने म्हणाले, "मावशी, तुमच्या तेलात असं आहे तरी काय?"

"तीळ. वाण्याकडे मिळतं."

"मग बायका एवढ्या का येतात?"

"ते त्यांना विचारा. मी तर चोळत असते, बोलतात त्याच."

इस्त्रीवाल्या वहिनी आल्या त्या डावा खांदा धरून. त्याआधी त्या दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. दोन तास बाकावर, दोन मिनिटं आत. "डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही हो. वय झालं म्हणाल्या, आराम करा. आराम म्हणजे कुठल्या दुकानात मिळतो?"

मावशींनी टेबलावर चादर अंथरली. वहिनींनी तिच्यावरून न दिसणारी इस्त्री फिरवली. उजवा हात पुढे-मागे, डावा कापड ताणून धरलेला. मावशींना कारण सापडलं. "इस्त्री उजव्या हातात, पण राबतोय डावा. दिवसाला शंभर कपडे ओढतेस, दुखेल नाही तर काय गाणं म्हणेल?" वहिनी खळखळून हसल्या. तीन आठवडे त्या एक दिवसाआड येत राहिल्या. तेल कोमट होई, गप्पा रंगत, वहिनी उठताना म्हणत, "निम्मं दुखणं तर बोलण्यातच गेलं."

चौथ्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा मावशींनी सहज विचारलं, "गर्दी आहे का दुकानात?"

"कसली गर्दी! इस्त्रीची तार जळली. चार दिवस दुकान बंद."

"बरं झालं, हाताला सुट्टी."

"कसली सुट्टी मावशी? काल पाण्याची बादली घेऊन दोन मजले चढले, तर खांदा हा असा भरून आला. इथे जबड्यापर्यंत. घामच फुटला. खाली टेकले, पाच मिनिटांत गेलं."

मावशींचा तेलातला हात थबकला. इस्त्री बंद, आणि दुखणं चालू. प्रत्येक दुखणं कामातूनच येतं असं धरून चालल्या होत्या त्या, आणि वहिनींचं काम त्या दुखण्याशी इतकं चोख बसलं होतं की पुढचं काही विचारलंच नव्हतं. त्यांनी हात पुसले.

"उठ. पदर नीट कर. दवाखान्यात जायचंय, आत्ता."

वहिनींचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीपण मला हाकललंत? तिथे जाऊन काय करू? परत आराम करा ऐकू?"

"मी येतेय बरोबर."

"बाहेर तीन बायका बसल्यात तुमच्या."

"त्यांचे गुडघे उद्यापर्यंत थांबतील. तुझं हे थांबणारं नाही." वहिनी तरी जागच्या हलेनात. तेव्हा मावशी त्यांच्यासमोर बसल्या. "माझं चुकलं गं. तीन आठवडे मी चुकीच्या ठिकाणी चोळत बसले. आता माझं ऐकू नकोस हवं तर, पण चल." चूक कबूल करणारं माणूस वहिनींनी फारसं पाहिलं नसावं. त्या उठल्या.

मावशींनी रिक्षा केली, आणि आजवर न विचारलेलं वाटेत विचारून घेतलं: दुखतं नेमकं कधी, आणि थांबतं कधी. दाराशी बसलेल्या मदतनीसाला "छातीचं आहे" एवढंच सांगितलं, आणि बाकावरची सगळी माणसं ओलांडून दोघी आत गेल्या. डॉक्टरीणबाई लिहीतच होत्या. "काय होतंय?"

"काही नाही, खांदा जरा..." वहिनी पुटपुटल्या.

"तसं नाही," मावशी म्हणाल्या. "दाखव यांना."

वहिनींनी लाजत डॉक्टरांच्या टेबलावरून हात फिरवायला सुरुवात केली. औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी सवयीने सरळ केला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"हे करताना दुखत नाही हिला," मावशी म्हणाल्या. "ओझं घेऊन जिना चढली की दुखतं. जबड्यापर्यंत जातं, घाम येतो. टेकली की थांबतं."

पेन खाली ठेवलं गेलं. "हे मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"विचारलंत कुठे?" वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या.

डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली, आणि मोठ्या इस्पितळात फोन लावला. वहिनींना एक गोळी चघळायला दिली. "तुम्ही कोण यांच्या?"

"मालिश करते. तीन आठवडे उशीर माझ्यामुळे झालाय, तोही लिहून ठेवा."

"त्यातला थोडा माझाही आहे," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

इस्पितळाची गाडी आली. वहिनींनी मावशींचा हात घट्ट धरला होता. "तिथे माझं कोण ऐकणार?"

"तूच ऐकवायचं. बादलीपासून सुरू कर. मधे कुणी तोडलं तर परत बादलीपासून."

हृदयाची एक नळी अडलेली निघाली; त्याच संध्याकाळी ती मोकळी केली. दुसऱ्या दिवशी मावशी भेटायला गेल्या तेव्हा एक नवी परिचारिका कागद घेऊन खाटेशी उभी होती. "काकू, थोडक्यात सांगा, कुठे दुखत होतं?"

"थोडक्यात जमणार नाही," वहिनी उशीला टेकून म्हणाल्या. "स्टूल ओढून बस. मी बादली घेऊन दोन मजले चढले..."

परिचारिकेने घड्याळाकडे पाहिलं, मग स्टूल ओढलं. मावशी दारातूनच मागे वळल्या.