दम केलेलं पाणी

मला वेड लागलं होतं, असं बेलापुरात लोक अजून सांगतात. आजाराचं नाव घ्यायला त्यांची जीभ जड होते. भिंतीपलीकडून कुणीतरी माझ्याबद्दल बोलतंय, हे मला स्वच्छ ऐकू यायचं. आणि गोळ्या मी घेणार नव्हते. त्यांनी तोंडाला कोरड पडायची, शिवणयंत्रावर हात थरथरायचा.

मग अम्मी रोज सकाळी दम केलेलं पाणी द्यायला लागली. आमच्यात आजारी माणसासाठी दुआ पढून पाण्यावर फुंकर घालतात, ते हे पाणी. मी बिस्मिल्ला म्हणून प्यायचे. हळूहळू आवाज थांबले. मी पुन्हा ब्लाउज शिवू लागले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दुआची करामत ऐकवू लागले. काय मूर्ख दिसत असेन!

एकदा पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ दिसला.

"अम्मी, यात काय टाकलं?"

"काय न्हाई गं. दुआ हाय ती."

मी उरलेलं पाणी तिच्या पदरावर ओतलं. नगरच्या डॉक्टरांनी मला न बघताच 'गोळ्या कशातूनही द्या' म्हणून अम्मीला सांगितलं होतं, हे मागाहून कळलं. डॉक्टर परके, त्यांच्यावरचा राग लवकर गेला. अम्मीवरचा गेला नाही. कित्येक वर्षं मी तिच्या हातचं पाणी प्यायले नाही. ईदचा शीरखुर्मासुद्धा माझा मी वेगळा करायचे. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, मात्रा कमी केली, तेव्हापासून गोळ्या आपण होऊन घेते.

आता अम्मीच सगळं विसरत चाललीय. मला ती आपली नणंद समजते. भर दुपारी दार उघडून कारखान्याच्या रस्त्यावर जाते, उसाच्या ट्रॅक्टरपुढे. गोळी हातावर ठेवली की "जहर देती व्हय मला?" म्हणून थुंकते. भाऊ म्हणाला, चहात घाल. मी हटून बसले. मरेन, पण लपवून देणार नाही. गेल्या आठवड्यात ट्रॉलीचा धक्का लागून ती पडली. मनगट मोडलं.

त्याच डॉक्टरीणबाईंकडे तिला नेलं. आता दवाखान्यांची रीत बदललीय. त्या अम्मीशी बराच वेळ बोलल्या, दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावलं, आणि मग मला म्हणाल्या, "त्यांना आता समजावलेलं कळत नाही. लपवून द्यायचं तर कारण लिहून, आणि दर महिन्याला त्यांना पुन्हा बघून. पण आधी सांगा, त्या भानावर असत्या तर त्यांनी स्वतःसाठी काय पसंत केलं असतं?"

माझ्या वेळी असं कुणी विचारलं नव्हतं. मला रडूच आलं. कारण उत्तर मला ठाऊक होतं. माझ्यासाठी तिनं तेच पसंत केलं होतं.

आज सकाळी गोळी कुटून पाण्यात ढवळली. मग खरंच दुआ पढून फुंकर घातली, निदान तेवढं तरी खोटं नको. अम्मीनं धड असलेल्या हातात पेला घेतला आणि ती थबकली.

"यात काय टाकलं न्हाई ना?"

"न्हाई, अम्मी. दुआ हाय."

बिस्मिल्ला म्हणून ती सगळं पाणी प्यायली. मी पेला लगेच विसळला, तळाचा गाळ तिला दिसू नये म्हणून.