वारंवार तोंडी सांगूनही

पालिकेच्या जिन्याखाली अर्जमास्तरांचं टेबल होतं. टेबलावर एक कॉम्प्युटर आणि चापट खाल्ल्याशिवाय कागद न सोडणारा प्रिंटर. मास्तरांनी लिहिलेल्या तक्रारीची दखल घेतली जातेच, असा त्यांचा लौकिक होता. तो अर्धाअधिक त्यांनी स्वतःच पसरवला होता. गटार तुंबलेलं असो की भिंतीला ओल आलेली असो, त्यांच्या प्रत्येक अर्जात एक वाक्य ठरलेलं: ‘यापूर्वी वारंवार तोंडी सांगूनही संबंधितांनी लक्ष दिलेले नाही.’ गिऱ्हाईकाने कुणाला काही सांगितलेलं असो वा नसो. त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही, असं मास्तरांचं मत. ते वाक्य बोटंच टाइप करत. डोकं तेवढ्यापुरतं सुट्टीवर जाई.

एका सकाळी बेकरीवाल्या बाई लंगडत आल्या. मैदानाजवळ मोकळ्या कुत्र्याने अंगावर उडी घेतली, पावांचा ट्रे एकीकडे आणि बाई दुसरीकडे. कुत्र्याची म्हातारी मालकीण साखळी मांडीवर घेऊन लांब बाकावर बसलेली. पण बाई हुशार. कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा नंबर त्यांनी तळहातावर लिहून आणला होता.

“अशा लोकांना कुत्रा पाळायचा हक्कच नाही,” मास्तर म्हणाले आणि नंबर दोनदा ताडून पाहिला.

आठव्या दिवशी नोटीस आली, ती मास्तरांच्याच घरी. सोबत तक्रारीची प्रत. पहिल्या ओळीतली भाषा मास्तरांना आवडली. तिसऱ्या ओळीतला बिल्ल्याचा नंबर घरच्याच कुत्र्याचा होता.

“आत्या, ढब्बूला तू मोकळा सोडतेस?”

मास्तरांना लहानाचं मोठं केलेली आत्या भाजी निवडत होती. “मग काय करू? ओढून ओढून माझा खांदा निखळायची वेळ आणतो. आणि तो काय चोर आहे, बांधून न्यायला?”

“मला तर म्हणायचीस, साखळी लावते!”

“लावते की. फाटकापर्यंत.”

आपलं नाव ऐकून ढब्बू शेपूट हलवत आला. त्याचा बिल्ला वाजला. मास्तरांनी पुढचं वाचून दाखवलं: पहिल्या तक्रारीला ताकीद, सूचना देऊनही न सुधारल्यास कुत्रा कायमचा पालिकेच्या कोंडवाड्यात. आत्याने निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली. ती वाद घालत नाहीये, याचीच मास्तरांना भीती वाटली.

सुनावणीला आत्यासोबत मास्तरही गेले. पालिकेच्या साहेबांनी अर्ज वाचला. “वारंवार सांगूनही... हे गंभीर आहे. नुसती उडी असती, तर ताकीद देऊन सोडलं असतं.”

“मला कुणी कधी काही बोललंच नाही,” आत्या बेकरीवाल्या बाईंकडे वळली. “एकदा बोलली असतीस, तर बांधला नसता का गं मी?”

“मी कुठे म्हणते बोलले म्हणून? मी पाव गोळा करत होते!”

“सही तुमचीच ना?” साहेब बाईंवर उखडले. “खोटं लिहून देता?”

मास्तरांना गप्प बसता आलं असतं. बाई खोट्या ठरल्या असत्या, कुत्रा सुटला असता आणि मास्तरांचं नावही शाबूत राहिलं असतं.

“ते वाक्य माझं आहे,” मास्तर म्हणाले. “बाई तसं बोलल्या नव्हत्या. मी सगळ्यांच्याच अर्जात घालतो.”

“सगळ्यांच्या?” साहेबांनी सावकाश मागच्या कपाटाकडे पाहिलं. फायली त्यात मावत नव्हत्या. कारकुनाने हसू लपवायला खोकून घेतलं.

ढब्बू ताकिदीवर सुटला, साखळीची सक्ती झाली. जिना उतरताना आत्याने बाईंच्या गुडघ्याची चौकशी केली. “छातीला बांधायचा पट्टा घ्या,” बाई म्हणाल्या, “माझ्या भावाचा कुत्रा त्याने ओढायचा थांबला.” शेवटच्या पायरीपर्यंत दोघींचं बोलणं पट्ट्याच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. मागून येणाऱ्या मास्तरांच्या डोळ्यांसमोरून मात्र ते कपाट हलेना. त्यातल्या किती फायली अशा एका जिन्यात मिटल्या असत्या?

दुपारी एक गृहस्थ आला. वरच्या मजल्यावरचे कुंड्यांना पाणी घालतात, ते याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं. मास्तरांची बोटं ‘यापूर्वी’पर्यंत गेली आणि थांबली.

“वरच्यांना सांगितलंत?”

“त्यांना काय सांगायचं? तुम्ही लिहा.”

“एकदा सांगून या. नाही ऐकलं, तर मी आहेच इथे.”

गृहस्थ कपाळाला आठ्या घालून निघून गेला. वरच्या मजल्यावर गेला की दुसऱ्या अर्जवाल्याकडे, कोण जाणे. मास्तर टेबल आवरेपर्यंत त्याची वाट पाहत होते, आणि तो येऊ नये असंही त्यांना वाटत होतं.